टिकल्यांनी मोजलेला गाव

पिंपळदऱ्यातली माणसं सरकार दहा वर्षांनी मोजतं आणि पुढारी निवडणुकीला मोजतात. चांदबी मात्र दारात बसून, घोटभर चहा पिऊन, नाव, गाव, वय विचारून मोजते. सरकारचा आकडा चुकलेला गावानं पाहिला आहे, पुढाऱ्यांचा तर दर पाच वर्षांनी पाहतो. चांदबीचा चुकलेला अजून कुणी पाहिलेला नाही.

हे गाव मिरजगावापासून दहाएक किलोमीटरवर, हमरस्त्याला खेटून. रस्त्याच्या एका अंगाला गावठाण, तिथंच देऊळ, मशीद, शाळा, पंचायत. दुसऱ्या अंगाला माळवस्ती. माळवस्तीत राहतात ती बाहेरून आलेली माणसं. कुणाचा बाप रस्त्याची खडी फोडायला आला होता, कुणी वीटभट्टीवर आला, कुणी लिंबाच्या वखारीत गोण्या उचलायला आला आणि इथलाच होऊन राहिला. गावठाणातले लोक त्यांना उपरे म्हणतात. रागानं नाही, बाभळीला बाभळ म्हणावं तितक्या सहज.

चांदबी अंगणवाडीची सेविका. पस्तीस वर्षं झाली. आता खाली वाकली की गुडघे आवाज करतात, पण वजनकाट्यावर झोपलेलं बाळ न उठवता ठेवावं ते तिनंच. तिचा नवरा नियाज जातीचा मण्यार. आठवडे बाजारात बांगड्या आणि टिकल्यांची पथारी लावतो. तालुक्यातल्या निम्म्या बायकांच्या मनगटाचं माप त्याच्या बोटांना पाठ आहे.

तक्त्याची गोष्ट एक्क्याण्णव सालची. नगरच्या कॉलेजातली एक मुलगी अभ्यासासाठी गावात आठ दिवस राहिली होती. जाताना तिनं अंगणवाडीच्या फळ्यावर खडूनं एक उभी रेघ ओढली. रेघेच्या डाव्या हाताला पुरुष, उजव्या हाताला बायका. सगळ्यात खाली पाच वर्षांच्या आतली पोरं, वर चढत चढत पाच पाच वर्षांच्या पायऱ्या, अगदी शेंड्याला म्हातारी माणसं. “बघा बाई, अख्खं गाव एका फळ्यावर,” ती म्हणाली आणि एसटीत बसून गेली. दुसऱ्या दिवशी पोरांनी गाव पुसून टाकलं.

चांदबीच्या डोळ्यापुढून मात्र ते पुसलं गेलं नाही. ती स्वतः अठराव्या वर्षी करमाळ्याकडून लग्न होऊन आलेली. पहिली दोन वर्षं पाणवठ्यावर जो भेटेल तो विचारायचा, “कुठली गं तू?” हा प्रश्न गावात आणखी किती जणांना विचारला गेला असेल, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून तिनं ठरवलं, आपला तक्ता फक्त बाहेरून आलेल्यांचा.

कागद तिनं मिरजगावातून आणला. बाकी सामान घरातच होतं. नियाजच्या पेटीत फॅशन गेलेल्या टिकल्यांची पाकिटं पडून होती. एक टिकली म्हणजे एक माणूस. बायकांना लाल, पुरुषांना काळी. ती पहिल्या काळ्या टिकल्या डकवत होती तेव्हा नियाज जेवता जेवता थांबला.

“अरे अल्ला! मर्दांकू बी टिकल्या?”

“कपाळाला नाही, कागदाला,” चांदबी म्हणाली. “तुमी भाकर खा.”

गंमत अशी, की चांदबीनं आपल्या कपाळाला कधी टिकली लावली नाही. पण त्या कागदावर, तीस ते पस्तीसच्या पायरीवर, एक लाल टिकली तिची स्वतःची होती.

पुढं दर दहा वर्षांनी, सरकारची शिरगणती आली की चांदबीचीही व्हायची. पहिल्या तक्त्याची उजवी बाजू भरलेली आणि डावी दुष्काळातल्या बैलासारखी खपाटीला गेलेली. खडी फोडणारे अकरा गडी तेवढे तिथं होते. दोन हजार एकला वीटभट्ट्या आल्या आणि डावीकडं विशीतल्या गड्यांचं पोट सुटलं. दोन हजार अकराला त्यांच्या बायका आल्या. तक्त्याशेजारी तक्ता ठेवला की माणसं जिना चढताना दिसायची. कालचा पंचविशीतला आज पस्तिशीत. कुणाची टिकली मध्येच नाहीशी व्हायची. तिथं चांदबी थोडी जागा सोडायची. मग एकवीस साल आलं. कोरोनामुळं सरकारची जनगणना लांबली. चांदबीची लांबली नाही. तोंडाला पदर बांधून ती दारोदार फिरली, आणि गावाला त्याचा आजही अभिमान आहे, की त्या सालची देशात कुठं नसेल ती मोजणी पिंपळदऱ्यात आहे.

पाचवा तक्ता तिला एकतीस साली करायचा होता. पण यंदाच तो करावा लागला, आणि त्याला कारण होतं एक दोर.

माळवस्तीतली एकोणीस पोरं रोज हमरस्ता ओलांडून अंगणवाडीत यायची. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, टेम्पो, कंटेनर. चांदबीनं एका जाड दोराला एकोणीस गाठी मारल्या होत्या. एक टोक तिच्या हातात, दुसरं मदतनीस बाईच्या. प्रत्येक पोरानं आपली गाठ धरायची आणि पलीकडं जाईपर्यंत सोडायची नाही. पहिली गाठ संस्कृतीची. ती वीटभट्टीवरच्या भीमाची मुलगी, पाच वर्षांची, ट्रकवाल्याला हात दाखवून “थांब रं!” म्हणायची.

येत्या एप्रिलात चांदबीला पासष्ट पूर्ण होणार होती. नोकरी संपणार होती. दोराचं टोक मग कोण धरणार? या एका विचारानं तिची झोप उडाली होती. गावाला नवी अंगणवाडी मंजूर झाली होती. ती माळवस्तीत बांधली, तर पोरांना रस्ता ओलांडायलाच नको. पण जागेचा ठराव ग्रामसभेनं करायचा, आणि मागच्या सभेत भागवत विरोधात उभा राहिला होता.

भागवत पंचायतीचा सदस्य. माणूस वाईट नव्हे; पोळ्याला माळवस्तीत पुरणपोळ्या पाठवायचा. पण इमारत म्हटलं की त्याला गावठाणाशिवाय दुसरं काही दिसेना. “आधी उपरे किती हायेत त्ये मोजा,” तो म्हणाला होता, “मंग बघू.”

म्हणून प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेला पंचायतीच्या भिंतीवर चांदबीचे पाच तक्ते ओळीनं लागले. झेंडावंदन झालेलं, जिलेबी वाटलेली, चिंचेखाली बायका बसलेल्या. माळवस्तीची चार माणसं फाटकाजवळ उभी होती, त्यांत भीमा.

“भाभी,” भागवत म्हणाला, “एकूण किती झाले त्येवढं सांगा.”

“पाचशे शेहेचाळीस.”

सभेत कुजबूज झाली. भागवतानं हात वर केला. “ऐकलं का? अठराशेच्या गावात साडेपाचशे उपरे! उद्या सरपंच बी त्यांचाच व्हईल. आन् आपन त्यांना इमारती बांधून द्यायच्या?” मग त्यानं झेंड्याजवळची काठी उचलून नव्या तक्त्याच्या तळाशी टेकवली. “आन् ही खालची वळ बगा. पाच वर्साच्या आतली पोरं. टिकल्या किती? तीन! तीन पोरांसाठी अंगनवाडी? भाभी, तुमच्याच तक्त्यानं माझं काम केलं.”

लोक हसले. कुणी शिट्टी घातली. भीमानं मान खाली घातली.

चांदबी थांबली. पस्तीस वर्षं पोरांची खिचडी संपायची वाट बघितलेली बाई. तिला थांबता येत होतं. हसू विरल्यावर ती म्हणाली, “भागवतदादा, ह्यो तक्ता कुनाचा हाय?”

“उपऱ्यांचा.”

“म्हंजी कुनाचा?”

“बाहेरून आलेल्यांचा. ज्यांचा जल्म हितला न्हाई, त्यांचा.”

“तुमीच सांगितलं, बरं का.” ती तक्त्याच्या उजव्या बाजूला गेली. “काळ्या टिकल्या चौऱ्याण्णव, बाप्यांच्या. ह्या लाल चारशे बावन्न. त्यातल्या माळवस्तीच्या सहासष्ट. बाकीच्या तीनशे शहाऐंशी कुनाच्या?”

आधी चिंचेखाली खसखस पिकली. मग एका तरण्या सुनेनं तोंडाला पदर लावून विचारलं, “बाई, आमी का?”

“मग! तू राशीनची. तुझी जाऊ आष्टीची. सरपंचबाई जामखेडच्या. आन् मी करमाळ्याची. गावात सासरी आलेली एक बी सोडली न्हाई.”

मागून नियाज ओरडला, “आन् मी हितलाच! माझी टिकलीच न्हाई!”

“तुमी नुसत्या विका,” चांदबी म्हणाली, आणि आता हसू बायकांच्या बाजूनं आलं.

पुढं खुर्चीत भागवताची आई बसली होती, गोजरबाई. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, एका कानानं ऐकणारी. तिनं काठी आपटली. “चांदे, माझी कंची गं?”

चांदबीनं अगदी शेंड्याकडं बोट केलं. तिथं एकच लाल टिकली होती. “ही तुमची, मावशी. श्रीगोंद्याकडनं बैलगाडीत बसून आला. बारा वर्साच्या हुता.”

गोजरबाई उठली. दोघींनी तिला धरलं. भिंतीजवळ जाऊन तिनं हात वर केला, पण बोट पोचेना. चांदबीनं तक्ता काढून तिच्यापुढं धरला. म्हातारीनं त्या टिकलीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

“बावीस वर्सं झाली कपाळावरची उतरून,” ती म्हणाली. “आन् हिनं हितं ठिवली व्हय.” मग लेकाकडं वळून, “भागवता, अरं उपरीच्या पोरा, बस की खाली!”

सभा अशी हसली, की झेंड्याच्या खांबावरचे कावळे उडाले. भागवतही हसला, आईपुढं काय करणार? पण तो बसला नाही. “बरं, माझी आई उपरी, बायकू उपरी, कबूल. पर पोरं तीनच हायेत की न्हाई? त्याचं काय?”

हा प्रश्न खरा होता, आणि चांदबीला तोच हवा होता. ती बोलली ती आवाज न चढवता. मागच्यांना ऐकायला पुढं सरकावं लागलं.

“माळवस्तीत पाच वर्साच्या आतली एकेचाळीस पोरं हायेत, दादा. त्यातली तीन आईबापाच्या कडेवर बसून आली. ती हितं डकवली. बाकीची अडतीस तक्त्यात शोधून दमाल. ती कुठनं आलीच न्हाईत. हितंच जल्मली. त्यांचं पयलं वजन माझ्या काट्यावर झालं. तुमच्या नातीचं, दिशाचं, ज्या काट्यावर झालं, त्याच काट्यावर.” तिनं तळाच्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवला. “त्यांना मी कुठल्या तोंडानं उपरं म्हनून डकवू? हा कागद हितं मोकळा हाय ना, तीच गावची पोरं हायेत. एप्रिलात मी दोर सोडनार. मंग ह्या पोरांना रस्ता कोन वलांडून देनार, त्येवढं सांगा. मला दुसरं काय बी नको.”

भागवत त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिला. काठी त्यानं झेंड्याजवळ पुन्हा जागेवर ठेवली. मग ग्रामसेवकाला म्हणाला, “जागा कंची म्हनत्यात?”

“माळवस्तीच्या गायरानातली, हातपंपाजवळची.”

“लिवा. सूचक भागवत.”

“अनुमोदक?” ग्रामसेवकानं विचारलं.

गोजरबाईनं हात वर केला. “एक पुरं का दोन करू?”

हात सगळीकडून वर आले. फाटकाजवळचा भीमाही हात वर करून उभा होता. त्याच्याकडं बघून भागवत म्हणाला, “आरं, लांब का? आत येऊन बस की.”

मार्चात पायाची आखणी झाली. भीमा मिस्त्रीकाम शिकलेला, काम त्यानंच घेतलं. खुंट्या ठोकल्या आणि बघतो तर सुताची दोरी घरी राहिलेली. इमारत होईपर्यंत माळवस्तीची पोरं तिथल्याच एका शेडात बसू लागली होती, आणि चांदबी त्यांना घेऊन तिथंच उभी होती. तिनं सवयीनं बरोबर आणलेला दोर पुढं केला.

“गाठीचा दोर चालत न्हाई, बाई. रेघ वाकडी येती.”

“मग सोडू की गाठी.”

पायाच्या दगडावर बसून दोघं गाठी सोडू लागले. वर्षानुवर्षं लहान मुठींनी आवळलेल्या, घामानं घट्ट झालेल्या गाठी. एकेकीला दात लावावे लागले. नियाज सायकलवरून बाजाराला निघाला होता, तोही उतरला. बांगड्या चढवणारी त्याची बोटं, त्यानं झटक्यात सहा सोडल्या. अठरा झाल्या. एकोणिसाव्या गाठीवर संस्कृतीनं मूठ आवळली.

“ही माझी हाय. सोडायची न्हाई.”

“सोड की गं,” भीमा म्हणाला. “आता रस्ता कुठं वलांडायचाय?”

पोरगी हलेना. चांदबीनं भीमाकडं बघितलं. भीमानं दोराचं टोक खुंटीला बांधलं, दुसरं चांदबीच्या हातात दिलं आणि ताण घ्यायला सांगितला. दोर सरळ झाला, त्या एका गाठीसकट. त्यानं एक डोळा मिटून त्या रेघेवरून पाहिलं आणि चुन्याच्या फक्कीची पहिली मूठ सोडली.

“ऱ्हाऊ द्या, बाई,” तो म्हणाला. “एका गाठीनं भिंत वाकडी व्हत न्हाई.”