हेडफोनसाठी, असं ती म्हणाली

मानपाड्यातल्या योगिनी म्हात्रेचे कान तिशीतच गेले, हे तिच्या घराबाहेर फक्त दीप्तीला ठाऊक होतं. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, मराठी घेऊन एम.ए. झालेल्या. दीप्ती खोपटला एका क्लासमध्ये शिकवायची. योगिनी घरी बसून गाणी उतरवायची.

आगरी लग्नात धवलारीण गाते, ती गाणी. एका संशोधन केंद्राने गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून ती रेकॉर्ड करून घेतली होती. दात पडलेले आवाज, मागे भांडी, कोंबडे, कुणाचं तरी खोकणं. त्यातून बोलीतला शब्दन्‌शब्द योगिनी वेचून काढायची. हे काम तिच्याइतकं कुणाला जमत नसे.

यंदा तिच्या पानांवर मोकळ्या जागा राहू लागल्या. केंद्राने कळवलं, सोमवारपर्यंत जागा भरून द्या, नाहीतर काम दुसऱ्याकडे सोपवावं लागेल.

तेवढ्यात कानाचं नवं मशीन आलं. फोनचा आवाज ब्लूटूथवरून थेट कानात शिरायचा. पण गाणी फोनवर उघडत नसत. केंद्राचं सॉफ्टवेअर तिच्या जुन्या डेस्कटॉपवरच चाले, आणि त्याला ब्लूटूथ नव्हतं. वायफायही नव्हतं. घराला रंग देताना नेटची वायर काढली, ती पुन्हा कुणी ओढलीच नाही. दोन्ही एकातच देणारा अडॅप्टर मिळतो, असं तिने वाचलं. शनिवारी सकाळी दीप्तीला घेऊन ती धनेशभाईंच्या दुकानात गेली. केस कानांवर ओढून घेतले होते.

धनेशभाईंनी काउंटरवर तीन डब्या मांडल्या.

"ही नखाएवढी. मागे खोचा नि विसरून जा, पण रेंज बेताची. ही अँटेनावाली. आणि हे कार्ड, सीपीयू उघडून आत बसवायचं. त्याची एक वायर बोर्डाला जोडायची राहिली, तर वायफाय चालतं नि ब्लूटूथ रुसून बसतं. राउटर कुठे आहे तुमचा?"

योगिनी त्यांच्या ओठांकडे बघत होती. "बाहेरच्या खोलीत. मध्ये एक भिंत."

"मग अँटेनावाली घ्या. ब्लूटूथला काय जोडणार?"

शेजारीच तिच्या आळीतले महिपतकाका माऊस निवडत उभे होते. "काय गो, काय घेतंस?" ते म्हणाले. कल्याणच्या एका घरी योगिनीच्या लग्नाची बोलणी चालू होती. तिथे कानांबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि काकांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"हेडफोन," योगिनी म्हणाली.

"साधेच ना?" धनेशभाईंनी विचारलं.

"साधेच."

"मग डोळे मिटून घ्या, ताई."

दीप्तीला बोलायचं होतं. पण काका तिथेच उभे होते.

घरी वायफाय लगेच लागलं. दीप्तीने स्वतःचे इअरबड जोडून पाहिले. तेही लागले. एक म्हातारी तिच्या कानात गाऊ लागली. मशीन मात्र यादीत येईना. बंद करून पाहिलं, चालू करून पाहिलं. येईना.

शेवटी दीप्तीने दुकानात फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं.

"अहो, कानाचं मशीन?" धनेशभाई म्हणाले. "मी विचारलं होतं ना. त्याचं ब्लूटूथ वेगळ्या जातीचं असतं."

"बदलून द्याल?"

"देईन की. पण तुमच्या जुन्या पीसीवर कुठलाच चालायचा नाही. सांगितलं असतंत, तरी मी हेच म्हटलं असतं. पीसीच नवा लागेल."

नव्या पीसीचं नाव या घरात काढण्यात अर्थ नव्हता. योगिनीसमोर बसून दीप्तीने ते सगळं तिला सावकाश सांगितलं.

मग ती म्हणाली, "मी ऐकते, तू लिही."

तिने पहिल्या मोकळ्या जागेपाशी गाणं वाजवलं. ऐकू आलं तसं बोलली.

"असं नसतं गं," योगिनी म्हणाली. "परत."

तिसऱ्यांदा दीप्तीने आणखीच काहीतरी निराळं सांगितलं. एम.ए.ला तिने बोलींवर पेपर लिहिला होता. चांगले मार्क पडले होते.

योगिनीने कीबोर्ड जवळ ओढला. मला आता ऐकू येत नाही, असं तिने केंद्राला लिहिलं. उरलेली गाणी दुसऱ्या कुणाला द्यावीत. मात्र त्याला आमची बोली यायला हवी.

"पाठवू?" तिने विचारलं.

दीप्ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"काय म्हणालीस?" योगिनीने तिचा दंड धरला. "इकडे बघून बोल ना. मला कळलं नाही."

दीप्ती काहीच बोलली नव्हती.