लेन्स येतील, मॅडम

कॅम्प पाचमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी पंधरा-सोळा वर्षं काउंटरवर उभा आहे. खोटं बोलून माल विकायची सवय मला कधीच नव्हती. आमचा शेठ सिंधी, जुन्या वळणाचा, त्याला ते चाललंही नसतं. पण बदलापूरच्या त्या मॅडमना मी जे सांगितलं ते खोटं होतं की नुसती आशा, हे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं.

मॅडम मुलींना मल्लखांब शिकवतात. चाळिशी ओलांडलेली, पण खांदे असे की काउंटरसमोर उभ्या राहिल्या की मीच ताठ व्हायचो. म्हणाल्या, "पाय ताणलेला नाही हे मुलींना तोंडाने सांगून पटत नाही हो. फोटोत दाखवलं की लगेच पटतं. मोबाईलमध्ये सगळं हलतं."

मी त्यांना छोट्या सेन्सरचा, म्हणजे आतली चित्र टिपणारी चिप लहान असलेला, नवीन मिररलेस कॅमेरा दाखवला. हलका, त्यांच्या आवाक्यातला, सोबत एक झूम लेन्स. त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि नेमकं विचारलं, "आमच्या हॉलमध्ये उजेड कमी असतो. चालेल ना?"

ती लेन्स कमी उजेडात लंगडी पडणार हे मला माहीत होतं. तरी म्हणालो, "सध्या हीच वापरा. लेन्स येतील, मॅडम. वर्षभरात रांग लागेल बघा."

वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. रांग लागली, पण त्याच कंपनीच्या मोठ्या सेन्सरच्या, महागड्या कॅमेऱ्यांसाठी. छोट्यांच्या वाट्याला आणखी एक-दोन तसल्याच अंधाऱ्या झूम आल्या. मॅडम दोन-तीन महिन्यांनी चक्कर टाकायच्या. एकदा स्क्रीनवर फोटो दाखवून म्हणाल्या, "दादा, खांब बघा किती छान आलाय. आता यात मुलगी शोधा." खांबाभोवती नुसता धूर दिसत होता.

मी त्यांना पन्नास मिलिमीटरची लेन्स वापरून बघायला दिली. उजेड भरपूर घेणारी, स्वस्त. चार दिवसांत परत आणली. छोट्या सेन्सरवर तिची चौकट आणखी अरुंद होते. "भिंतीला पाठ टेकवली तरी मुलीचे पाय कापले जातात. आणि मला तर पायच बघायचेत!" रुंद आणि उजेडाची लेन्स होती, पण ती मोठ्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेली. मॅडमनी ती उचलून तोलली, किंमत विचारली आणि हसून अलगद खाली ठेवली. दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त लेन्स या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करतील, तर तेही नाही. कंपनीने बाहेरच्यांना दारच बंद केलेलं.

कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला तेव्हा मी त्याला छेडलं. चहा पीत तो सरळ म्हणाला, "अरे भाऊ, छोटा कॅमेरा म्हणजे भाड्याची खोली. तिथेच सगळ्या सोयी दिल्या तर माणूस फ्लॅट कशाला घेईल? त्याला अडचण झाली पाहिजे, मग तो मोठ्या कॅमेऱ्यावर येतो."

"आणि ज्याला यायचंच नाही?"

त्याने कप खाली ठेवला आणि ऑर्डरची वही उघडली.

पुढच्या वेळी काचेतून मॅडम येताना दिसल्या आणि मी चक्क पोटमाळ्यावर चढून बसलो. त्या गेल्यावर खाली उतरलो तर शेठ शिडीशी उभा. "छुपा क्यों? चोरी की है क्या?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तो जा के सच बोल दे. दुकान मैं देखता हूँ."

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलवाडीहून निघालो तो सरळ बदलापूरला. हॉल कसला, पत्र्याची लांबट, अरुंद शेड. खांबाला चोळलेल्या एरंडेलाचा वास. एक मुलगी मल्लखांबावर उलटी लटकलेली आणि मॅडम तिचा अंगठा धरून ताणत होत्या. त्यांनी वळून पाहिलं तसा मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. "मॅडम, तुम्हाला हवी ती लेन्स येणार आहे की नाही, मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. तरी मी छातीठोक सांगितलं. चुकलं माझं."

मुलगी सरसर खाली उतरली. मॅडमनी तेलकट हात पंच्याला पुसले. "बरं झालं सांगितलंत. मी उगाच वाट बघत होते." रागाचा मागमूस नव्हता. "मग आता काय करायचं?"

त्या "करायचं"मध्ये त्यांनी मलाही धरलं होतं. माझ्या छातीवरचं निम्मं ओझं तिथेच उतरलं. मी शेडमध्ये फिरलो. मुली वर-खाली होत होत्या, गिरक्या घेत होत्या, पण खांबापासून हात-दोन हातांपलीकडे कुणी जात नव्हतं. मग आपोआप फोकस हवाय कशाला? हाताने फोकस करायच्या रुंद, उजेडाच्या लेन्स बाहेरच्या कंपन्या बनवतच होत्या. त्यांत इलेक्ट्रॉनिक काही नसल्याने त्यांना कुणाची आडकाठी नव्हती. आमच्याकडे विचारणा नसायची, म्हणून आम्ही ठेवत नव्हतो, एवढंच.

आठवड्याभरात मुंबईच्या बाजारातून तशी एक मागवली. छोटीशी, सगळी धातूची. तिपाईवर कॅमेरा चढवला, मल्लखांबावर फोकस जमवला आणि लेन्सची रिंग हलू नये म्हणून चिकटपट्टी लावून टाकली. मॅडमनी मुलीला वर पाठवलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर मुलगी होती. घामाचा थेंबसुद्धा दिसत होता. आणि डावा पाय गुडघ्यात वाकलेला.

"ये इकडे," मॅडम ओरडल्या. "बघ! आता बोल!"

मुलगी बघून जीभ चावायला लागली. मी मात्र भिंतीला टेकून नुसता हसत होतो.

पुढे काही महिन्यांनी तोच कंपनीचा माणूस जरा पडेल चेहऱ्याने आला. छोट्या कॅमेऱ्यांची गिऱ्हाइकं दुसऱ्या कंपन्यांकडे वळत होती. शेवटी यांनीही बाहेरच्यांना परवानगी दिली होती. आपोआप फोकस करणाऱ्या, रुंद, हलक्या, खास छोट्या सेन्सरसाठीच बनवलेल्या लेन्स. पहिला डबा दुकानात आला तसा मी मॅडमना फोन केला. या वेळी लेन्स माझ्या हातात होती.

त्या संध्याकाळीच आल्या. स्पर्धेत मुली लांबून पळत येऊन खांबावर झेपावतात, तिथे ही लागेलच, म्हणाल्या. दुकानातच लेन्स चढवून त्यांनी चहा पिणाऱ्या शेठचा फोटो काढला. शेठने तो चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "पेट ज़्यादा आया है."

"लेन्स खोटं बोलत नाही, शेठ," मॅडम म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही मोकळेपणाने हसलो.