जागे हा ना?

बोलायला सुरुवात करण्याआधी अनुसयाकाकू समोरच्याला विचारत, "जागा हायेस ना बे?" दौऱ्यावर आलेल्या साहेबालाही सूट नव्हती. फक्त 'बे' गळायचं.

ही सवय त्यांना कोर्टाने लावली. विहिरीतल्या अर्ध्या हिश्शासाठी त्यांनी दिरावर दावा लावला होता. मी त्यांचा शेजारी आणि नवखा वकील. वाटणी डोळ्यांनी पाहिलेला एकच म्हातारा उरला होता, सुलतानपूरचा. तो धापा टाकत साक्ष देत होता आणि न्यायाधीशांची हनुवटी छातीला टेकली होती. जेवणानंतर न्याय तसा जडच होतो. निकालात आलं, 'साक्षीदारास काही सांगता आले नाही.' म्हातारा पुढे वारला.

"अपील करू," मी म्हणालो. पण अपिलात कागद वाचतात, आणि घोरणं कागदावर उतरत नाही.

"इहीर गेली ते गेली," काकू म्हणाल्या. "आता मले त्याची झोप पाह्यजे."

हायकोर्टाला तक्रार केली. उत्तर आलं, शपथपत्र जोडा. आमच्या तालुक्यात शपथ घ्यायची ती त्याच न्यायाधीशांपुढे. मी म्हटलं, बुलढाण्याला जाऊ.

"काऊन? ज्याची तक्रार, त्याले आयकू दे ना!"

भर कोर्टात, जेवणानंतर, साहेबांनी न वाचताच विचारलं, "मजकूर समजला का, बाई?"

"मले समजला. तुमी जागे हा ना? वाच रे वकिला."

मी वाचलं. झोपेपासून घोरण्यापर्यंत सगळं. मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. साहेबांनी मान वर न करता सही केली. काकू ती सही पोटभर पाहत होत्या.

चौकशी गुप्त झाली. म्हणजे चहा झाला एवढंच गावाला कळलं. 'योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे,' असं पत्र आलं. साहेबांची बदली मोठ्या शहरात झाली.

"पत्ता काढ त्याचा," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून दर पोळ्याला एक उघडं पोस्टकार्ड जायचं. त्यावर एकच ओळ, 'जागे हा ना?', आणि खाली काकूंचा अंगठा. उघडं का, तर पोस्टमन आणि शिपाई दोघांनीही वाचावं म्हणून. बदल्या होत गेल्या; कार्ड मागे मागे जात राहिलं.

काकूंच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसलो, तर डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "जागा हायेस ना बे?"

"हाव, काकू."

"पोळा आला."

पोळ्याआधीच त्या गेल्या. त्या वर्षीचं कार्ड मीच लिहिलं. अंगठा कुठून आणणार? खाली माझी सही केली, वकिलीच्या शिक्क्यासकट.