वर्ग संपेपर्यंत उठायचं नाही

मैत्रिणींनो, हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. शुद्धलेखनाकडे बघू नका.

शाळा ऑनलाइन आणि आम्ही दोघं ऑफिसात, म्हणून चौथीतली सई महिनाभर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिपलानीला माझ्या आईबाबांकडे आहे. मागच्या आठवड्यात बाबांचा चष्मा शोधून द्यायला ती वर्ग चालू असताना तीनदा उठली. मॅडमची तक्रार आली. मी तिला फोनवरच झापलं. काहीही झालं तरी वर्ग संपेपर्यंत उठायचं नाही, असं बजावलं.

आज आई भाजी आणायला गेली होती आणि बाबा बाथरूममध्ये पडले. त्यांनी सईला हाका मारल्या. सईने त्या ऐकल्या आणि स्क्रीनवरचं हात वर करायचं बटण दाबलं.

मॅडम गणित शिकवत होत्या. वीसेक मिनिटांनी त्यांचं लक्ष गेलं. तोवर हाका थांबल्या होत्या.

"हां बेटा, क्या पूछना है?"

"मॅम, मेरे आजोबा गिर गए हैं. मैं जाऊं?"

मॅडमनीच मला फोन केला. मी पोचले तेव्हा बाबा बेशुद्ध होते. डोक्यात रक्तस्राव झालाय. आणायला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले.

सगळे नातेवाईक विचारतायत, पोरगी उठली कशी नाही? तिथे मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. मीच सांगितलं होतं.

तुम्ही मुलांना काय काय बजावून ठेवलंय, आज एकदा आठवून बघाल का?

सई माझ्या शेजारी बसली आहे. मघाशी तिला पाणी हवं होतं. तिने हात वर केला.