गोदा भोईरचा आवाज मशीनमध्ये

कोपरीच्या बँकेत शिपाई असलेल्या गोदा भोईरने घसा बापाकडून घेतला होता. बाप खाडीकाठच्या मिठागरात राबायचा आणि या बांधावरून पार त्या बांधावरच्या माणसाशी गप्पा हाणायचा. गोदा नोकरीला लागली तेव्हा बँक एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर होती. कोकणातल्या काही मास्तरांनी काढलेली छोटीशी बँक. खाली गिरणी घरघरत असताना गिऱ्हाइकांना हाका मारायचं काम आपोआप गोदाकडे आलं.

मग बँक वाढली. वर्तकनगर, डोंबिवली, आंबिवली अशा शाखा निघाल्या. लॉकर आले, एटीएम आलं, आणि मागच्या वर्षी टोकनचं बोलकं मशीन आलं. ते म्हणायचं, "ग्राहक क्रमांक बावीस, कृपया गवाक्ष क्रमांक तीनकडे प्रस्थान करावे." लोक ढिम्म बसून राहायचे. एक आजोबा तर 'प्रस्थान' ऐकून सरळ घरीच गेले.

शेवटी शाखेच्या मॅनेजर ऐश्वर्या मॅडम म्हणाल्या, "गोदाताई, तुमचाच आवाज घालू या का यात?"

"आता मला मशीनमधे कोंबता काय?" गोदा म्हणाली, पण कान लालबुंद झाले.

वर्तकनगरच्या स्टुडिओत तिने पहिलाच "एक नंबर!" असा काही ठोकला की रेकॉर्डिंग करणाऱ्या सुदेशने हेडफोन उपटून काढले. "मावशी, माइक इथेच आहे. पलीकडच्या गावात नाही!" मग ती इतकी हळू बोलायला लागली की सुदेशलाच जांभई आली. तेव्हा सोबत आलेल्या मॅडम काचेपलीकडे खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डुलकी लागल्याचं सोंग केलं. गोदाला राहवेना. "तीन नंबर! ओ, उठा! दोनच्या खिडकीवर या. घाबरू नका!"

'घाबरू नका' कागदावर नव्हतंच. पण संचालकांना तेच सगळ्यात आवडलं.

मशीन सगळ्या शाखांत सुरू झालं तशी गोदा रजा टाकून सुनेला, समृद्धीला, घेऊन निघाली. वर्तकनगरला मशीन "ओ, उठा!" म्हणालं आणि अख्खं बाकडं उठलं. गोदाही उठली. "आई, तुम्ही कशाला?" समृद्धी हसून हसून वाकली. डोंबिवलीत तर दोघी इतक्या खिदळल्या की वॉचमनने येऊन विचारलं, "काय काम आहे?"

"माझा आवाज ऐकायला आलेय," गोदा म्हणाली. त्याने हळूच पाण्याचा ग्लास पुढे केला.

आंबिवलीला पोचल्या आणि लाइट गेली. मशीन गप्प. लोक कुरकुरायला लागले, तशी गोदा पदर खोचून उभी राहिली. "अठरा नंबर! ओ, उठा! एकच्या खिडकीवर या. घाबरू नका!"

रखमाबाई नावाच्या म्हातारीने तिला खालीवर न्याहाळलं. "बाय गं, अगदी मशीनसारखी बोलतेस! कुठे शिकलीस?"

समृद्धीने तोंडात ओढणी कोंबली. गोदा मात्र फुशारून पुढचे नंबर पुकारत सुटली. कॅशियरने तिच्यासाठी चहा मागवला. एकविसाव्या नंबरला ती हाक मारतच होती, तेवढ्यात लाइट आली आणि वरून तोच आवाज दणाणला, "ओ, उठा!"

"थांब गं जरा!" गोदा मशीनवर खेकसली. "मी बोलतेय ना!"