तिचा फोटो मी लावलाच नाही

आमचे अब्बा चंद्रपुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले तसं ते काम गेलं, आणि त्याच गाळ्यात मी कॉम्प्युटर टाकला. लग्नपत्रिका, हँडबिलं, मग हळूहळू लोकांच्या वेबसाईटी. मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली कॅम्पातले निवृत्त गुरुजी माझ्याकडे पत्रकं छापायला यायचे. त्यांचे आईवडील घरदार सोडून सीमेपलीकडून आलेले. गुरुजी आणि त्यांचे दोन मित्र कॅम्पातल्या म्हाताऱ्यांचे जुने कागद शोधून द्यायचे, दाखल्यांसाठी तहसिलीत खेटे घालायचे. त्यांच्या कामाचं एक साधं पान मी इंटरनेटवर करून दिलं. ते पाहून सिस्टर माझ्या दुकानात आल्या.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. आलापल्लीच्या पुढे, सिरोंच्याच्या वाटेवर एका उपकेंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली आणि रिटायर झाल्यावर त्या तिथंच राहिल्या. पहाटेच्या बसनं निघून दुपारी पोचल्या होत्या. पाणी पिऊन म्हणाल्या, "गुरुजीचं पान पाह्यलं मी. तसं आमालेबी पायजे."

"तुमचं काम काय आहे, सिस्टर?"

"काम मोठं नाई. नदीपलीकडून पळून आलेली मान्सं हायेत, जंगलाच्या काठाले. त्याइले ताप आला त औषध देतो, पोरं शाळेत टाकतो. मी हाय, एक आशाताई हाय, आन शाळेत खिचडी शिजवते ते बाई हाय. तिघीच."

नागपूरचे काही डॉक्टर औषधं पाठवायला तयार होते. पण त्यांनी विचारलं होतं, तुमची संस्था कुठं दिसते? "नेटवर दिसत नाई म्हंजे आपन नाईच, असं झालं बाई," सिस्टर म्हणाल्या आणि हसल्या.

पंधरा दिवसांनी मी तिकडे गेले. वीस-बावीस झोपड्या होत्या. पलीकडच्या जंगलात नक्षली आणि सरकारी बंदुका सुरू झाल्या तेव्हा ही माणसं निघाली होती. एक बंदूक म्हणायची तुम्ही त्यांचे, दुसरी म्हणायची तुम्ही यांचे. पंधरा वर्षं होत आली तरी त्यांच्याकडे इथला कागद नव्हता आणि तिकडचं गाव उरलं नव्हतं. मी फोटो काढायला लागले तशा बाया पदर ओढून आत गेल्या. पोरं तेवढी समोर आली.

आणि एक म्हातारी. ती आत गेली ती केस विंचरून, मण्यांच्या माळा घालून परत आली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. सिस्टरला गोंडी चांगली येते. त्यांनी सांगितलं, "म्हनते, तोंड मोठं काढ. कपाळाचं गोंदन दिसलं पायजे."

"कशाला?"

पळताना गावाची माणसं दोन वाटांना फुटली होती. म्हातारी इकडे आली. तिची मुलगी, तेरा-चौदा वर्षांची, दुसऱ्या घोळक्याबरोबर तेलुगू मुलखाकडे गेली. मिरची तोडायला तिकडे गेलेल्या माणसांकडून पुढे कधीतरी कळलं की मुलगी जिवंत आहे, कुठल्या तरी गावात लग्न होऊन राहिली आहे. गावाचं नाव कुणालाच नीट सांगता आलं नाही. आता मोबाईल सगळ्यांकडे आले. मुलगी पाहील, गोंदण ओळखेल, येईल. म्हातारीचा हिशेब इतका सरळ होता.

मी फोटो काढला. इतका चांगला फोटो मी त्याआधी काढला नव्हता आणि नंतरही माझ्या हातून निघाला नाही. तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं होतं, जणू मुलगीच समोर बसलेली.

चंद्रपूरला परतल्यावर मी पान करायला घेतलं आणि मला भीती वाटायला लागली. ही जमीन जंगलखात्याची. उद्या कुणी येऊन उठवलं तर? ज्यांच्या भीतीनं ही माणसं पळाली, त्यांतल्या कुणी पाहिलं तर? असल्या कामातल्या एका जाणत्या बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, गावाचं नाव टाकू नका, चेहरे तर अजिबात नको. मला ते पटलं. आजही पटतं.

मी म्हातारीचा दुसरा एक फोटो लावला. त्यात सुपात मोहफुलं निवडणारे तिचे हात तेवढे दिसत होते.

सिस्टरला फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुह्यं बरोबर हाय. पन तिले काय सांगू?"

"मी आल्यावर सांगते," मी म्हटलं.

मी गेले ती महिनाभरानं. म्हातारी वाटेवरच उभी होती. तिनं माझा हात धरला आणि फोनकडे बोट केलं. तिला सगळं समजावून सांगायचं तर सिस्टरची मदत लागली असती आणि सिस्टर आत एका तापाच्या लेकराजवळ होत्या. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मी फोनमधला तिचा फोटो उघडला, स्क्रीन भरून, आणि तिच्यापुढे धरला. तो माझ्या गॅलरीतला होता. तिला वाटलं, हेच ते, सगळ्या जगाला दिसणारं. तिनं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि लहान पोरीसारखी हसली. मी नाही म्हटलं नाही.

सिस्टरला मी बसस्टँडवर सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. त्यांनीही तिला पुढे काही सांगितलं नाही.

पान चाललं. नागपूरची औषधं आली, मच्छरदाण्या आल्या. कुठल्याशा शाळेतल्या एका बाईंनी पान वाचून मुलांसाठी पाट्या-पुस्तकं पाठवली. सिस्टर फोन करायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात उभारी असायची. मी दुकानात गिऱ्हाइकांना ते पान दाखवायची. अब्बा असते तर त्यांनाही दाखवलं असतं.

वर्षभर मी जेव्हा जेव्हा गेले, म्हातारीनं विचारलं. शब्द कळायची गरज नव्हती. ती फोनकडे बघायची, मग रस्त्याकडे. मी हो म्हणून मान डोलवायची. त्यानंतरच्या पावसाळ्यात दुकानात काम वाढलं, माझं जाणं कमी झालं. पुढच्या उन्हाळ्यात सिस्टरचा फोन आला. म्हातारी गेली होती. छातीचं दुखणं जुनंच होतं.

तीन महिन्यांनी पानावर दिलेल्या माझ्या नंबरावर एका बाईचा फोन आला. हिंदी, तेलुगू, मधेच गोंडी. मला कळायला वेळ लागला. तिच्या गावात मिरचीच्या कामाला आलेल्या एका माणसानं तिला सांगितलं होतं की तुझी आई अमक्या ठिकाणी आहे, सिस्टरकडे विचार. सिस्टरचा नंबर नव्हता, तो बालवाडीच्या बाईंनी मोबाईलवर शोधला, तेव्हा माझा सापडला.

मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "ये वाला पेज मैंने पहले देखा था. एक साल हुआ."

"पाहिलं होतं?"

"हां. बालवाडीवाली बाई ने दिखाया. हमारे लोग लग रहे थे. पर मुँह किसी का नई था. सिर्फ हाथ था. मैं सोची, अपना कोई नई है."

मी तिला सिस्टरचा नंबर दिला. तिची आई गेल्याचं मी तिला सांगितलं नाही. ते सिस्टरवर ढकललं. हेही लिहून ठेवते.

ती आली त्या दिवशी मीही गेले. तिशीची बाई, अंगावर नायलॉनची साडी. कपाळ कोरं होतं. तिची पिढी गोंदत नाही. आईला जिथं पुरलं होतं तिथं जाऊन ती आली होती आणि सिस्टरच्या ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. मी फोटोची मोठी प्रत काढून नेली होती. तिनं ती मांडीवर घेतली आणि गोंदणावरून बोट फिरवत राहिली. रडली नाही.

मग मी सगळं सांगितलं. तिची आई काय म्हणाली होती, मी चेहरा का लावला नाही, आणि फोन पुढे धरून मी काय केलं. सिस्टर एकेक वाक्य गोंडीत सांगत होत्या. शेवटच्या वाक्याला त्या अडखळल्या, पण त्यांनी ते सांगितलं.

मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. ती सिस्टरकडे वळली आणि तिनं हळूच काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विचारून राह्यली, आईले असं त नाई वाटलं, का पोरीनं फोटो पाह्यला तरी आली नाई?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, मी तिला आशा दिली.

मुलगी उत्तराची वाट बघत होती. सिस्टरनी खोटं सांगितलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. पण त्या म्हणाल्या, आधी गोंडीत आणि मग माझ्यासाठी, "शेवटाले तिनं विचारनं बंद केलं होतं. एक दिवस म्हनली, पोरगी आपल्या संसारात सुखी हाय, तिले काऊन बोलावू."

तेव्हा ती रडली. प्रत उलटी करून, तिच्यावर कपाळ टेकून. सिस्टरनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले. जवळ जायचा मला हक्क नव्हता.

संध्याकाळच्या बसला मी तिला विचारलं, आता हा फोटो पानावर लावू का? तिला हिंदी समजायची. ती म्हणाली, "अब किसके लिए?" तिनं प्रत पिशवीत ठेवली आणि खिडकीपाशी बसली. बस निघाली तेव्हा तिनं सिस्टरला हात केला.

सिस्टर त्यानंतर चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. पानावर काही बदलायचं असलं की आशाताई फोन करायची. मग एका बाजाराच्या दिवशी सिस्टरचाच फोन आला. "नवी दोन घरं आली. पानावर त्याइचं काय टाकायचं, काय नाई, मी नाई ठरवनार. तूबी नाई. येऊन त्याइले विचार."

मी गेले. सिस्टरला शेजारी बसवलं आणि प्रत्येकाला विचारलं. चेहरा लावला तर कोण पाहू शकतं, त्यानं काय बरं होऊ शकतं, काय वाईट. मोठ्या माणसांपासून शाळेत जाणाऱ्या पोरीपर्यंत सगळ्यांना. अर्धा दिवस गेला. सगळ्यांनी नाही म्हटलं. एका बाईनं तर हातही दाखवायचे नाहीत म्हणून ते पदराखाली घेतले.

मी फोटोसाठी फोन बाहेर न काढताच परत आले.