रेडिओचा आवाज कमी करा

आता माझ्या मोबाइलमध्ये रेडिओचं ॲप आहे. बोट लावलं की लागतं, खरखर नाही, काही नाही. आजऱ्याला बहिणीकडे गेले तरी कोल्हापूर ऐकू येतं. चांगलंच आहे, मी नावं ठेवत नाही. पण ही गोष्ट आपल्या कोल्हापुरात रेडिओ केंद्र नवीन झालं, त्यानंतरच्या दिवसांतली.

शिवाजी पेठेत आमच्या दोन खोल्या, आणि खिडकीत हाताएवढा ट्रान्झिस्टर. त्याची एरियल मोडलेली, म्हणून गजाला तार बांधलेली. बटण एकच. फिरवलं की टक्, चालू. उलटं फिरवत नेलं की आवाज बारीक होत होत परत टक्, बंद.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, रेडिओला घरातलं माणूस समजायच्या. आतली बाई ‘नमस्कार’ म्हणाली की ह्या ‘नमस्कार गं बाई’ म्हणणार. पाणी उकळून प्या म्हणाली की त्या दिवशी पाणी उकळलेलंच. घरातल्या कुणाचं एवढं ऐकलं नसेल त्यांनी!

त्या वर्षी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. दोन महिने मला वाकायची बंदी. आत्तींनी त्या वयात धुणं, भांडी, स्वयंपाक सगळं केलं. माझे केससुद्धा धुतले. तोंडानं बडबड चालूच, पण हात हलका. बरी झाल्यावर त्यांना काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटायचं. पण सासूला थँक्यू म्हणायची आमच्यात कुठली रीत? समोर उभी राहिले की जीभ उचलायची नाही. मग ठरवलं, दुपारी फोनवर गाणी मागायचा कार्यक्रम असतो, त्यात सांगायचं. रेडिओवरचं त्या नक्की ऐकतील.

आत्ती शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हटलं, “आत्ती, रेडिओ चालू राहू दे, मी जरा दुकानात जाऊन येतो.”

“जा की. मी हितंच बसलोय,” त्या म्हणाल्या.

फोन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. चाचा दुकानदार. मी नंबर फिरवतेय, लागत नाही, परत फिरवतेय. चाचा म्हणाले, “काय वैनी, कुणाचं लग्न जमवताय काय?” तेवढ्यात लागला की फोन!

“नमस्कार ताई. आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा बघू.”

चाचांचा रेडिओ माझ्या कानाशीच कोकलत होता. चाचांनी तो लगेच बारीक केला. मग मी सगळं बोलले. आत्तींनी माझी आई होऊन सेवा केली, त्यांच्यासाठी एक गाणं लावा. बोलता बोलता डोळे भरून आले. चाचांनी गुपचूप लिमलेटची गोळी पुढं केली.

मी जवळजवळ पळतच घरी आले. बघते तर आत्ती शेंगा फोडतायत आणि रेडिओ मुका!

“आत्ती, ऐकलं न्हाय काय?”

“ऐकलं की. ती बाई म्हणाली, ताई, रेडिओचा आवाज कमी करा. केला कमी. जरा जास्तच फिरला, टक् झालं. मग परत कसा लावायचा? तिनं सांगितलंच न्हाय.”

मी उंबऱ्यातच बसले. हसू का रडू कळेना. “अवो, ते मला म्हणाली ती! मीच होतो फोनवर!”

“तू?” त्यांचा हात थांबला. “काय सांगितलंस माझं?”

आता पळवाटच नव्हती. खाली बघत, शेंगांच्या टरफलांशी चाळा करत, जे अख्ख्या कोल्हापुराला सांगून आले होते ते त्यांना सांगितलं. सेवेचं, केस धुतल्याचं, सगळं.

आत्तींनी हातातली शेंग फोडली. मग म्हणाल्या, “एवढंच व्हय? मला वाटलं गावभर चहाडी केलीस.” पदरानं नाक पुसलं. “गाणं कुठलं मागितलंस?”

मी सांगितलं.

“ते मला आवडत न्हाय.”

“आता काय करू मग?”

“मागितलंस न्हवं? म्हण आता.”

माझा आवाज म्हणजे फाटकी पिपाणी, पण म्हटलं. दुसऱ्या कडव्याला शब्द अडले. तर पुढची ओळ आत्तींनी म्हटली, खाली मान घालून शेंगा फोडत, अगदी सुरात. आणि त्याच्या पुढचीही. त्यांना ते गाणं अख्खं पाठ होतं.